दगडाआडचा नळ

नमस्कार श्रोतेहो. आज विषय ओढ्याचा, पण माणसानं बनवलेल्या ओढ्याचा. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क ८४३ एकरांचं, ओल्मस्टेड आणि वॉक्स ह्या दोघांनी १८५८ मध्ये त्याचा आराखडा केला. त्यातल्या रॅम्बल नावाच्या झाडीतून गिल नावाचा एक ओढा वाहतो, आणि तो अख्खा बनवलेला आहे.

आमच्या आक्का लातूरच्या, लेकाकडं गेल्या होत्या तिकडं. तर ह्या ओढ्याशी त्या जी बसल्या ती उठेनातच. दगडात अडकलेलं एक पान बोटानं सोडवलं, ते पुढं कुठवर जातंय बघत राहिल्या, मग म्हणल्या, बाळा, ह्याचा उगम दाखव मला. लेक म्हणला, आई उगम नाही, शहराचं नळाचं पाणी आहे हे, सोडतात आणि बंदही करतात. आक्का गप्पच झाल्या. २०१६ला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आलेली, तेव्हा टँकरपुढं हंडे घेऊन उभ्या राहिलेल्या बाई त्या. बऱ्याच वेळानं विचारलं, मग हे पाणी पुढं जातं कुठं? लेक म्हणला, तळ्यात. तेव्हा कुठं उठल्या, आणि तळ्यापर्यंत ओढ्याच्या कडंकडंनं चालत गेल्या, मिळतंय का नाही ते डोळ्यानं बघायला.

मला हे फार आवडतं सांगायला, कारण आक्कांनी बरोबर दोनच गोष्टी विचारल्या. पाणी येतं कुठून आणि जातं कुठं. बनवलेला ओढा असो नाहीतर नदी, येतं कुठून आणि जातं कुठं.

आणि आपल्याकडं बागेचं सुशोभीकरण म्हणलं की आधी पेव्हर ब्लॉक टाकतात, झाडाच्या बुंध्यापर्यंत टाकतात हो, पाण्यानं मुरायचं कुठं? ते बंदच व्हायला पाहिजे.

तर न्यूयॉर्कला डोंगराकडचं पाणी येतं ते बहुतेक सगळं उतारानं. उतारानंच, पंप फार कमी. आणि हे आपल्याला नवीन नाही, संभाजीनगरची पाणचक्की बघा की, लांबच्या डोंगराकडून खापराच्या नळांनी पाणी आणलं, उंचावरून पाडून त्यावर जातं फिरवलं, मग ते हौदात, आणि हौदाच्या तळाखाली मोठं दालन, भर उन्हाळ्यात गार. शेजारी खाम नदी. सुट्टीत लेकरांना घेऊन जा, आणि नुसता हौद बघून माघारी येऊ नका, पाणी पडतं त्या भिंतीजवळ उभं राहून ते वर कसं चढवलंय ते त्यांनाच शोधू द्या.