सिकेटरची मूठ : पाच स्केच आणि एक लॉफ्ट

(दृश्य : दिंडोरी तालुक्यातली द्राक्षबाग, छाटणी चालू. सिकेटर धरलेला हात अगदी जवळून.)

ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की दिंडोरी-निफाडकडच्या बागांमध्ये दिवस दिवस हातातून सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची कात्री, सुटत नाही. पातं झिजलं तर बदलता येतं, स्प्रिंगही नवी मिळते. मूठ मात्र साच्यातून जशी निघाली तशीच राहते, आणि ती तळहातात नीट बसली नाही तर संध्याकाळपर्यंत अंगठ्याच्या बुडाशी फोड उठतो.

(दृश्य : नाशिकची अंबड औद्योगिक वसाहत. टूल रूममधला संगणक, पडद्यावर कोरं स्केच.)

अशी मूठ कॅडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या डिझाइनमध्ये, कशी उभी राहते ते बघू. एक्स्ट्रूड केली, म्हणजे एकच छेद सरळ ओढत नेला, तर जाडी सगळीकडे सारखी येते. रिव्हॉल्व्ह केली, म्हणजे छेद अक्षाभोवती फिरवला, तर लाटणं होतं. मुठीला मध्ये फुगवटा हवा, करंगळीपाशी खाच हवी आणि लांबीत बाकही हवा. इथे लॉफ्ट लागतो : ठरावीक अंतरांवर आडवे छेद काढायचे आणि मधला पृष्ठभाग सॉफ्टवेअरला भरू द्यायचा. पलीकडे ओझरला विमानं बनतात. विमानाच्या धडाचा आकारही असाच, ठिकठिकाणच्या छेदांवरून बांधतात. मूठ लहान आहे एवढंच.

आधी मधली रेषा. मूठ 120 मिमी लांब धरू. बाजूने दिसणारा बाक एकाच प्लेनवर (सपाट पातळीवर), स्प्लाइनने, म्हणजे दिलेल्या बिंदूंमधून वळत जाणाऱ्या रेषेने, काढायचा. स्प्लाइनला चार-पाच बिंदू पुरतात. जास्त दिले की प्रत्येक बिंदूपाशी बारीक लाट उठते. पडद्यावर ती दिसत नाही, पॉलिश केलेल्या साच्यात लख्ख दिसते. कर्व्हेचर कोंब, म्हणजे रेषा कुठे किती वळते ते दाखवणारी कंगव्यासारखी दातेरी खूण, चालू ठेवा. कोंबाचे दात जिथे रेषेची बाजू बदलतात तिथे बाकाची दिशा उलटते. खाचेच्या दोन्ही अंगांना तसं व्हायलाच हवं, बाकी कुठेही नको.

(दृश्य : मधल्या रेषेवर एकेक प्लेन उभं राहतं.)

आता छेद. 0, 25, 60, 95 आणि 120 मिमीवर पाच प्लेन. प्रत्येक प्लेन मधल्या रेषेला काटकोनात पाहिजे. नवशिके इथे हमखास फसतात : एका उभ्या प्लेनला समांतर प्लेन ऑफसेट करत जातात. सरळ भागात चालून जातं. बाक 25 अंशांचा असेल तिथे 24 मिमी उंचीचा म्हणून काढलेला छेद प्रत्यक्षात जेमतेम 21.8 मिमी जाड भरतो, कारण खरी जाडी कोसाइनने कमी होते. मूठ हातात किरकोळ का लागते, हे मग मापं तपासूनही कळत नाही. स्केचमधलं माप बरोबरच असतं.

मापं अशी : मानेशी, म्हणजे लोखंडी दांड्याकडच्या टोकाला, 16 बाय 12 चा चौकोन, कोपऱ्याला 4 मिमी गोलाई. पुढे 20 बाय 16, मध्यावर 26 बाय 20, खाचेत 21 बाय 17, शेवटी 24 बाय 18. हे चारही इलिप्स (लंबवर्तुळं).

(दृश्य : लॉफ्टचा प्रिव्ह्यू. पृष्ठभाग पिळवटलेला.)

आणि लॉफ्ट पिळला! दोष सॉफ्टवेअरचा नाही. गोल कोपऱ्यांच्या चौकोनात चार रेषा आणि चार चाप, म्हणजे आठ तुकडे. इलिप्स म्हणजे एकच तुकडा. कोणता बिंदू कोणाला जोडायचा हे सॉफ्टवेअर अंदाजाने ठरवतं. म्हणून प्रत्येक इलिप्सही स्प्लिट करून आठ तुकड्यांचा करा, आणि तुकड्यांचे बिंदू साधारण त्याच कोनांवर ठेवा. सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरमध्ये प्रिव्ह्यूवर बिंदू जोडणारे हिरवे कनेक्टर दिसतात. एखादा शेजारच्या कोपऱ्याला चिकटला असेल तर हाताने ओढून जागेवर आणा. प्रोफाइल निवडतानाही प्रत्येक छेदावर साधारण त्याच बाजूला क्लिक करायचं, म्हणजे निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

पीळ गेला, तरी दोन छेदांच्या मध्ये पोट सुटलेलं असतं. इथे सहावा, सातवा छेद टाकायचा मोह होतो. टाकू नका. छेद वाढले की पृष्ठभाग प्रत्येकातून जाण्यासाठी वाकतो आणि गुठळ्या येतात. त्यापेक्षा दोन गाइड कर्व्ह, म्हणजे पृष्ठभागाला लांबीत वाट दाखवणाऱ्या रेषा, द्या : एक तळहाताच्या बाजूला, एक बोटांच्या. अट एकच, गाइडने प्रत्येक छेदाला खरोखर छेदलं पाहिजे. नुसतं टेकल्यासारखं दिसून भागत नाही, 0.01 मिमीचा फरक असला तरी लॉफ्ट नापास होतो. सॉलिडवर्क्समध्ये पीअर्स रिलेशन लावा, म्हणजे रेषा प्लेनला जिथे भेदते तिथेच बिंदू बांधला जातो. फ्यूजन या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गाइडला रेल म्हणतात; तिथे छेदाचा बिंदू स्केचमध्ये प्रोजेक्ट करून रेल त्याला बांधा. फ्रीकॅड या तिसऱ्या सॉफ्टवेअरच्या पार्ट डिझाइनमध्ये लॉफ्टला गाइड देताच येत नाही. तिथे अ‍ॅडिटिव्ह पाइप घ्यायचा, मधली रेषा पाथ म्हणून द्यायची आणि मल्टिसेक्शनमध्ये छेद जोडायचे. जमतं, पण काठावरचा ताबा तितका मिळत नाही.

मानेच्या टोकाला ‘नॉर्मल टू प्रोफाइल’ (पृष्ठभाग छेदाला काटकोनात निघावा) ठेवा, म्हणजे लोखंडी दांड्याशी सांधा सरळ येतो. मग झेब्रा पट्टे, म्हणजे पृष्ठभागावर प्रतिबिंबासारखे उमटणारे काळे-पांढरे पट्टे, लावून मूठ फिरवा. पट्टा तुटला तर तिथे धार आहे. तुटला नाही पण कोन करून वळला, तर टँजन्ट आहे, म्हणजे दिशा जुळली, वक्रता जुळलेली नाही. रबराची पकड वर चढणार असेल तर एवढं चालतं.

(दृश्य : मूठ आतून पोकळ होते, मग दोन फाकी.)

शेल, म्हणजे मूठ आतून पोकळ करून उरणारी भिंत, 2.5 मिमी. कोपऱ्याची गोलाई 4 ठेवली ती यासाठीच. ती 2 असती तर आत सरकवलेला पृष्ठभाग स्वतःलाच कापतो आणि शेल चुकतो. मग माणूस तासभर शेलच्याच मागे लागतो.

साचा उघडणार तो मधली रेषा ज्या प्लेनवर आहे त्याच प्लेनवर, म्हणून प्रत्येक छेद त्या प्लेनच्या दोन्ही बाजूंना सारखा हवा. अंगठ्यासाठी एखादा छेद थोडा तिरका फिरवला की सर्वात रुंद जागा पार्टिंग लाइनवरून (साच्याचे दोन भाग जुळतात त्या रेषेवरून) सरकते आणि अंडरकट, म्हणजे साच्यात अडकणारी जागा, तयार होतो. भाग साच्यातून सुटेल का ते तपासणारा ड्राफ्ट अ‍ॅनालिसिस लावला की ती जागा वेगळ्या रंगात उठून दिसते. मग एकतर छेद सरळ करा, नाहीतर साच्यात स्लायडर (आडवा सरकणारा भाग) घाला. स्लायडरचा खर्च ऐकल्यावर बहुतेक जण छेदच सरळ करतात.

(दृश्य : थ्रीडी प्रिंटर, राखाडी मूठ. शेजारी रबरी हातमोजा.)

साच्याचं पोलाद कापण्याआधी एक प्रिंट काढून, हातमोजा घालून धरून बघा. मध्यावर जाड लागली तर तिसऱ्या छेदात 26 चे 25 करा. गाइड आणि छेद एकमेकांना बांधलेले असतील तर अख्खी मूठ आपसूक बदलते. व्हीएमसीवाल्याला (साचा कापणारं संगणकी मशीन चालवणाऱ्याला) फाइल स्टेप स्वरूपातच द्या. एसटीएल दिली तर गोलाईवर बारीक त्रिकोणांचे पैलू येतात, आणि ते घासून काढायचं काम पॉलिशवाल्याच्या गळ्यात पडतं.