पहिली किती वाजता?

(तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एका छातीरोगतज्ज्ञाने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. माझी ओळख करून देताना निवेदकांनी एक गोष्ट सौजन्याने वगळली, ती मीच सांगून टाकतो. मी छातीचा डॉक्टर आहे आणि सोळा वर्षं मी सिगारेट ओढली. त्यातली अकरा डॉक्टर झाल्यावरची. सकाळी ओपीडीत पेशंटचा एक्स-रे उजेडासमोर धरून 'बघा, काय करून घेतलंत' असं दरडावायचो आणि साडेअकराला मागच्या फाटकाबाहेरच्या टपरीवर हजर. कधी कधी तोच पेशंट तिथे काडी ओढताना दिसायचा. मग आम्ही दोघंही रस्त्याकडे बघत उभे राहायचो.

तेव्हा 'धोका माहीत असूनही लोक का ओढतात?' हा विषय तुम्ही मला दिलात, तो योग्य माणसाला दिलात.

नीट समजावून सांगितलं की माणूस सोडतो, असा आपला सगळ्यांचा भाबडा समज असतो. म्हणून आपण समजावतच राहतो. २००३ साली कायदा झाला. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी आली. २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग त्या भयंकर चित्राने आणि इशाऱ्याने व्यापला. आता मला सांगा, टपरीवर पाकीट कोण घेतं? आपण सुटी घेतो. एक. फार तर दोन. चित्र टपरीवाल्याकडे राहतं, धूर आपल्याकडे येतो. महाराष्ट्रात २०२० मध्ये सुट्या विक्रीवर बंदी आली. ती कुठवर पोचली आहे हे इथून बाहेर पडल्यावर कोपऱ्यावर बघून घ्या. सुटीचं खरं दुखणं असं की एक घेताना आपण काही ठरवतोय असं वाटतच नाही. पाकीट घेणारा निदान स्वतःला सिगारेट ओढणारा म्हणतो. सुटी घेणारा दहा वर्षं 'अधूनमधून'च ओढत असतो.

इशारा काही आजचा नाही. असद बेग नावाचा अकबराचा अधिकारी विजापूरला, म्हणजे आदिलशाहीत गेला होता. १६०४-०५ च्या सुमारास परतताना त्याने बादशहासाठी तंबाखू आणि रत्नजडित नळी आणली. पोर्तुगीजांमुळे तंबाखू तेव्हा दख्खनेत रुळली होती, उत्तरेला नवी होती. अकबराने नळी तोंडाला लावली तेव्हा हकीम शेजारीच उभा होता आणि नको म्हणत होता. आमच्या ग्रंथांत हिचा उल्लेख नाही, हिचे गुण माहीत नाहीत, असं त्याचं म्हणणं. बादशहाने एक-दोन झुरके घेऊन ठेवून दिली, पुढे नाद लावून घेतला नाही. पण दरबारी मंडळींनी असद बेगकडे रांग लावली. म्हणजे मोगल दरबारात तंबाखू आणि डॉक्टरचा इशारा एकाच दिवशी, एकाच दालनात हजर झाले. कोण जिंकलं ते आपण बघतोच आहोत. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने बंदी घातली. इराणात शाह अब्बासनेही घातली होती. आणि जहांगीराने त्या शाहकडे वकील म्हणून पाठवला कोण? खान आलम, ज्याला तंबाखूवाचून घटकाभर राहवत नव्हतं. शेवटी शाहने त्याच्यापुरती सूट दिली. बंदी आणि सूट ही जोडगोळी तेव्हापासूनची आहे.

मग माहिती उपयोगी का पडत नाही? कारण ती साठाव्या वर्षाबद्दल बोलते आणि सिगारेट पुढच्या वीस सेकंदांबद्दल. हे मी शब्दशः म्हणतोय. झुरका घेतला की निकोटिन फुप्फुसातून रक्तात आणि १० ते २० सेकंदांत मेंदूत पोचतं. एका सिगारेटचे साधारण दहा झुरके धरा. दिवसाला वीस ओढणारा दोनशे झुरके घेतो. वर्षाचे झाले ७३ हजार. एकेका झुरक्याला मेंदूला लगेच बक्षीस. एवढा रियाझ मोठमोठ्या गवयांचाही होत नसेल. आणि हा रियाझ चहाच्या घोटाबरोबर, फोनवर बोलताना, जेवण झाल्यावर, बस येईपर्यंत, अशा ठरलेल्या जागांवर होतो. म्हणून त्या जागा आल्या की तलफ येते. तलफ हा आपल्या भाषेतला फार अचूक शब्द आहे. भुकेला निदान वेळ कळते, तलफेला जागा कळते.

बरं, मेंदूही गप्प बसत नाही. रोज निकोटिन येतंय म्हटल्यावर ते पकडणाऱ्या जागा तो वाढवून ठेवतो. मग त्या रिकाम्या राहिल्या की कुरकुर सुरू. साधारण दोन तासांत रक्तातलं निकोटिन निम्म्यावर येतं, माणूस चिडचिडा होतो, कामात लक्ष लागत नाही. तेवढ्यात पुढची पेटवतो, बरं वाटतं, आणि तो म्हणतो, सिगारेटने टेन्शन गेलं! गावात भांडण लावणाराच मग तडजोडीला पुढे होतो आणि मानाचा नारळ घेऊन जातो, तसला हा प्रकार. सोडलेल्यांकडे काही आठवड्यांनी पाहिलं तर ती माणसं ओढणाऱ्यांपेक्षा कमी अस्वस्थ असतात. पण ते काही आठवडे काढायचे कसे, इथेच सगळं घोडं अडतं.

आमच्याकडे आणखी एक कारण सांगतात. व्यासपीठावरून बोलायचं नसतं, पण बोलतो. 'डॉक्टर, विडी ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही.' तरुणपणी मी याला हसायचो. हसायला नको होतं. निकोटिनने आतड्यांना खरोखर चालना मिळते आणि सोडल्यावर काहींना काही दिवस बद्धकोष्ठ होतं. माणूस दुसऱ्या दिवशी विडीकडे परततो तो फुप्फुसाला विसरून नव्हे, पोटासाठी. त्याला मी कर्करोगाचं चित्र दाखवत होतो, द्यायला हवं होतं इसबगोल.

बांधकामावरच्या एका गवंड्याने मला वेगळंच शिकवलं. तो म्हणाला, 'साहेब, विडी पेटवली की मुकादम काही बोलत नाही. नुसताच बसलो तर म्हणतो, काम नाही का?' दिवसभरात हक्काची विश्रांती त्याला विडीच्या नावावरच मिळते. त्याची विडी काढून घेणारे आपण त्याला दहा मिनिटं बसू देणार आहोत का?

आणि आजोबा. प्रत्येक सभेत कुणाचे तरी आजोबा नव्वदीपर्यंत विडी ओढून ठणठणीत असतात. असतीलही. पण पन्नाशीत गेलेले आजोबा नातवाला भेटलेच नाहीत, मग त्यांची गोष्ट सांगणार कोण?

थोडं विषयांतर करतो, कारण समोर बऱ्याच बायका बसल्यात आणि 'आपला याच्याशी काय संबंध' असा चेहरा दिसतोय. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ होते ३.८ टक्के. धूर न काढता तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे मळलेली तंबाखू, गुटखा, आणि हो, मशेरी. दात घासायला म्हणून चूल सारवल्यावर घेतलेली आणि मग दिवसातून चारदा घासलेली. चुना का लावतात माहीत आहे? चुन्याने तोंडात क्षार वाढतो आणि निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून झटकन रक्तात उतरतं. रसायनशास्त्र न शिकता आपल्या लोकांनी हे शोधून काढलं. हुशारी कुठे खर्च होईल, काही नेम नाही.

हुशारीचं म्हणाल तर सिग्मंड फ्रॉइड घ्या. मनाचा एवढा मोठा अभ्यासक. १९२३ मध्ये तोंडाचा कर्करोग निघाला. पुढे तीसहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या, तरी चिरूट सुटला नाही. उलट उदाहरणही आहे. इंग्लंडात रिचर्ड डॉल यांनी ब्रॅडफर्ड हिल यांच्याबरोबर १९५० मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचा सिगारेटशी संबंध दाखवला. आकडे हाती यायला लागले तशी डॉल यांनी स्वतःची सिगारेट बंद केली. असा माणूस विरळा. १९५१ पासून त्यांनी ब्रिटिश डॉक्टरांची पन्नास वर्षं नोंद ठेवली. ओढत राहणारे सरासरी दहा वर्षं आधी जातात, असं त्यात दिसलं. पण माझ्या पेशंटना मी दुसरा आकडा सांगतो: साठीत सोडली तर तीन वर्षं परत मिळतात, पन्नाशीत सहा, चाळिशीत नऊ. 'आता काय उपयोग' म्हणणाऱ्या माणसाला धाकापेक्षा हा हिशेब जास्त पटतो.

आता मी 'सोडा' म्हणत नाही. पहिला प्रश्न विचारतो, 'सकाळची पहिली किती वाजता?' उठल्यापासून पाच मिनिटांत पेटत असेल तर रात्रभरात मेंदू पार उपाशी राहिलेला असतो. त्या माणसाला निश्चयाचे धडे देऊन भागत नाही. औषध लागतं, निकोटिनचा डिंक लागतो. तोही चिंगमसारखा चावायचा नाही. चव तिखट लागेपर्यंत सावकाश चावून गालात धरून ठेवायचा, आणि बरोबर चहा-कॉफी घ्यायची नाही, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. निम्म्या लोकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. मग ते म्हणतात, डिंकाने काही होत नाही. पहिली दुपारी पेटत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे सवय बघायची, सोबत बघायची, वाट बदलायची.

माझी आठव्या खेपेला सुटली. आधीच्या सात वेळांना मी पराभव म्हणायचो. आता पेशंट तिसऱ्यांदा परत आला तर त्याला म्हणतो, बसा, आधी चहा घेऊ. सोडली तेव्हा मी डिंक घेतला आणि मागच्या फाटकाने जाणं बंद केलं. शरीराला त्रास झाला तो तीन आठवडे. टपरीचा मात्र बरेच महिने. तिथे माझे रोजचे चार-पाच सोबती होते. त्यांच्यात माझं डॉक्टर असणं कुणाला आठवत नसे. ते सिगारेटबरोबर गेलं, त्याबद्दल कुठल्याही पत्रकात एक ओळ नसते. पंधरा दिवसांनी टपरीवाल्या मामांनी वॉर्डबॉयकरवी निरोप पाठवला, 'डॉक्टरसाहेब रागावलेत का? उधारीचं काही मनात ठेवू नका म्हणावं.'

चौथ्या महिन्यात गेलो. मामांनी चहाचा ग्लास पुढे केला आणि सवयीने दुसऱ्या हाताने काडेपेटीही सरकवली. मी ती परत सरकवली. ते काही बोलले नाहीत. गिऱ्हाईक गेल्यावर स्वतःची विडी पेटवली आणि खोकले. तो खोकला मी अकरा वर्षं ऐकत होतो, पण ऐकला त्या दिवशी.

'मामा, तुमची पहिली किती वाजता?'

'टपरी पाचला उघडतो,' मामा म्हणाले. 'त्याच्या आधी दोन होतात.'