वॉटर बॉडी घ्यायच्या आधी

(नाशिकमधल्या जुन्या जीपवाल्यांच्या बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्याकडे जीप घाटात गरम झाली की गॅरेजमधला निकाल ठरलेला असतो: वॉटर बॉडी, म्हणजे इंजिनात पाणी फिरवणारा पंप, गेली. नवी बसते, बिल होतं आणि पुढच्याच रविवारी कसाऱ्याच्या चढावर तापमानाचा काटा पुन्हा लाल पट्ट्यात. मी आज नवा पंप कुठला घ्यावा हे सांगायला उभा आहे खरा, पण सुरुवात जुन्यापासून करणार. जुना कशाने गेला हे कळल्याशिवाय नवा निवडता येत नाही. निदान मला तरी येत नाही.

मुळात तो गेलाय का, हे तर बघा. द्वारका चौकाच्या गर्दीत काटा चढतो आणि हायवेला लागल्यावर उतरतो, तर दोष बहुतेक हवेचा असतो. पंखा, त्याचं आवरण, सैल बेल्ट, रेडिएटरच्या जाळीत वाळलेला चिखल, यातलं काहीतरी. उलट, ओझरच्या दिशेने ऐंशीने पळवताना काटा हळूहळू चढत गेला, तर पाणी पुरेसं फिरत नाहीये. तिथेही पंपाच्या आधी रेडिएटरवर संशय घ्या. पुष्कळांनी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेलं असतं. त्याचा पांढरा थर नळ्यांत बसला की जगातला कुठलाही पंप आणा, उपयोग शून्य.

दुसरी स्वस्तातली गोष्ट म्हणजे रेडिएटरचं झाकण. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे. उघड्या भांड्यात इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. झाकणाने ०.९ बार दाब धरला, तर तो उकळबिंदू वीसेक अंशांनी वर जातो. झाकणाची स्प्रिंग मेली की हा सगळा फायदा गेला. मग पाणी आधी कुठे उकळतं? पंपाच्या ओढीच्या बाजूला, कारण दाब सगळ्यात कमी तिथे. वाफेचे बुडबुडे तयार होतात, इम्पेलरवर, म्हणजे पंपातल्या पात्यांच्या चाकावर, येऊन फुटतात आणि धातूचे कण उडवतात. उंदराने कुरतडल्यासारखे खड्डे दिसले, तर नव्या पंपाबरोबर नवं झाकण घ्याच. खालचा होज पाइपही बघा. इंजिन रेस केल्यावर तो चपटा होत असेल, तर आतली स्प्रिंग गंजून गेलेली असते किंवा कुणीतरी काढून ठेवलेली असते.

आता पंप हातात घेऊ. पुली दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. प्ले, म्हणजे ढिलाई, लागला तर बेअरिंग गेलं. बेअरिंगच्या खाली हाऊसिंगला एक बारीक भोक असतं. शाफ्टभोवतीच्या सीलमधून झिरपलेलं पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं आहे. तिथे नुसता वाळलेला डाग असेल तर लक्ष ठेवा. थेंब टपकत असतील तर सील संपलं. हे भोक एम-सीलने बुजवलेले पंप मी पाहिलेत. गळती थांबते, हे खरं. पाणी बेअरिंगमध्ये जातं, शाफ्ट डुलायला लागतो आणि एक दिवस पंखा रेडिएटरमध्ये घुसतो. जुन्या जीपमध्ये रेडिएटरचा पंखा बहुधा पंपाच्याच शाफ्टवर असतो, हे विसरू नका. पंखा वाकडा असेल किंवा बेल्ट सतारीच्या तारेसारखा ताणलेला असेल, तर नवं बेअरिंगसुद्धा फार दिवस टिकणार नाही. लांब बाजूला अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट दहा-बारा मिलिमीटर दबला पाहिजे.

पावसाळ्यात त्र्यंबकच्या बाजूला ओढे ओलांडणाऱ्यांसाठी एक सांगतो. फिरता पंखा खोल पाण्यात गेला की पाती पुढे वाकतात आणि तो सगळा मार बेअरिंगवर येतो. म्हणून माहीतगार माणसं आधी बेल्ट उतरवतात. पण डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप पुष्कळदा अल्टरनेटरच्या मागेच असतो. बेल्ट उतरवलात तर ब्रेक जड होणार, हे धरूनच पाण्यात उतरा.

आता खरेदी. दुकानात जाऊन "महिंद्रा एमएम ५४० ची वॉटर बॉडी द्या" असं नुसतं गाडीचं नाव सांगू नका. आपल्या जुन्या जीपमध्ये आरसी बुकात एक इंजिन आणि बॉनेटखाली दुसरंच, हा नेहमीचा प्रकार. कुणाकडे अजून हरिकेन पेट्रोल इंजिन आहे, कुणाकडे प्यूजोचं डिझेल, तर कुणी मॅटाडोरचं इंजिन टाकून घेतलंय. पंप गाडीचा नसतो, इंजिनाचा असतो. इंजिन नंबर लिहून घ्या आणि जुना पंप पिशवीत घालून सोबत न्या.

काउंटरवर दोन्ही पंप शेजारी ठेवा आणि व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घेणारी पट्टी, बाहेर काढा. दुकानदार कंटाळेल, कंटाळू दे. बसवायच्या तोंडापासून, पुली जिथे बसते त्या फ्लँजपर्यंतची उंची आधी मोजा. तीन-चार मिलिमीटरचा फरक पडला, तरी बेल्ट तिरका धावतो आणि कडेने झडायला लागतो. मग इम्पेलरचा व्यास, पात्यांची उंची, आणि तो हाऊसिंगमधून किती बाहेर येतो ते बघा. इम्पेलर आणि समोरचा पृष्ठभाग यांत अगदी थोडी फट असते. ती वाढली की पाणी पुढे ढकललं जाण्याऐवजी जागच्या जागी घुसळलं जातं. सांध्यात बसणाऱ्या पातळ कागदी गॅस्केटच्या जागी जाड कापून बसवलं आणि वर सिलिकॉनचा लेप दिला, तर चांगल्या पंपाची फटही तुम्हीच वाढवता.

इम्पेलरच्या पात्यांचा कलही जुळवा, कारण तो पंप कुठल्या दिशेने फिरतो त्यावर ठरतो. मागाहून एसी किंवा पॉवर स्टिअरिंग बसवलेल्या गाडीत बेल्टची वाट बदललेली असते. बेल्टची पाठ पुलीवर आली, तर पंप उलटा फिरतो. अमेरिकन जीपच्या सहा सिलिंडरच्या इंजिनांत जुन्या व्ही-बेल्टचा पंप एका दिशेने फिरतो आणि नंतरच्या चपट्या बेल्टचा दुसऱ्या. बाहेरून दोन्ही जवळपास सारखेच. चुकीचा बसला तर गंमत अशी की पाणी उलटं जात नाही. जातं त्याच वाटेने, पण फार थोडं. त्यामुळे गळती नाही, आवाज नाही, आणि गाडी तरीही तापते.

बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, इम्पेलरला माझं मत. पत्र्याचे दाबून केलेले चालतात, पण गंजलेल्या पाण्यात लवकर खातात. प्लॅस्टिकचा मी जुन्या डिझेलला घेणार नाही. शाफ्टवर त्याची पकड सुटली, तर पुली फिरते आणि पाणी उभं राहतं. जास्त प्रवाहाच्या नावाने जे महाग पंप विकतात, त्यांचं मला कौतुक नाही. दगडांतून पहिल्या गिअरमध्ये चालताना इंजिनच हळू फिरतं, तिथे कमी पडते ती हवा.

जुनं हाऊसिंग तडकलेलं नसेल, आतून खाल्लेलं नसेल, तर मी पूर्ण पंपाऐवजी किट घेतो: शाफ्ट-बेअरिंग, सील, इम्पेलर, गॅस्केट. फक्त प्रेसवर काम करणारा माणूस हवा. हातोडीने ठोकून बसवलेलं सील घरी पोचायच्या आत गळतं.

मारुती जिप्सीवाल्यांचं गणित वेगळं आहे. १.३ लिटरच्या इंजिनात पंप काढायचा तर टायमिंग बेल्ट उतरवावा लागतो. पंप स्वस्त, मजुरी खरी. तेव्हा बेल्ट आणि त्याला ताण देणारा टेन्शनर त्याच वेळी बदलून टाका.

बसवल्यावर कोरडं इंजिन सुरू करू नका. सीलमध्ये कार्बन आणि सिरॅमिकच्या चकत्या एकमेकींवर घासत असतात, त्यांच्यामध्ये पाण्याची झिल्ली लागते. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा, हवा काढा, मगच चावी.

आता मागून प्रश्न आला, थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडप, काढून टाकला तर? काढू नका. ज्या इंजिनांत बायपास, म्हणजे रेडिएटरला वळसा घालणारी वाट, आहे, तिथे थर्मोस्टॅट नसला की बरंचसं पाणी रेडिएटरला न जाता तसंच पंपाकडे परत फिरतं. शिवाय थंडीत इव्हनिंग राइडला इंजिन नीट तापणारच नाही. जुना काढा, उकळत्या पाण्यात टाकून उघडतो का बघा, नसेल तर नवा बसवा.

आणि घाटात तिसऱ्यात रेटत बसू नका. पंप इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो, दुसरा टाकलात तर पाणीही जोरात फिरतं आणि पंखाही.

चहा बाहेर ठेवलाय. ज्यांनी आपापले जुने पंप आणलेत, त्यांनी ते इकडे टेबलावर घ्या, व्हर्निअर माझ्याकडे आहे.