कैरीला मीठ, डोळ्याला मीठ

[दृश्य: इतवारी बाजार, मे महिन्यातली दुपार. दुकानापुढे खडे मिठाची पोती.]

नागपूरचा मे. पारा ४५ च्या आसपास आणि घरोघरी लोणच्याच्या कैऱ्या चिरणं चालू. फोडींना मीठ चोळलं की थोड्या वेळात पाणी सुटतं. मीठ पाणी ओढतं. कैरीच्या फोडीतून ओढतं, तसंच डोळ्यातूनही.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली कॉर्नियाचा छेद.]

कॉर्निया म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच. मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. तिच्यावर पेशींचे पाच-सात थर, सगळे मिळून मिलिमीटरचा विसावा भाग. सगळ्यात वरच्या पेशी चपट्या, फरशीसारख्या एकमेकींना घट्ट बसलेल्या. आठवडाभरात हा अख्खा पापुद्रा नवा होतो.

या पेशींवर डिस्टिल्ड वॉटर सोडलं तर? क्षार आत, बाहेर काहीच नाही. पाणी आत घुसतं, पेशी फुगतात, काही फुटतात. पोहून आल्यावर डोळे चुरचुरले की आपण क्लोरीनला शिव्या देतो. गोड्या पाण्याचाही त्यात हात असतो.

[दृश्य: नागपूरच्या महाल भागातलं एक घर, सकाळ. आजी डोळ्यात थेंब घालून घेताहेत.]

– आजी, झोंबते का?
– झोंबून राहिलं ना बाप्पा! पण मग दिसते चांगलं.

आजींच्या कॉर्नियाला सूज आहे. रात्रभर पापण्या मिटलेल्या, बाष्प उडत नाही, म्हणून सकाळी सगळं धूसर. हे थेंब ५ टक्के मिठाचे, समुद्राहूनही खारट. कैरीचंच गणित: जादा पाणी बाहेर.

[दृश्य: सलाइनची बाटली, जवळून.]

मग मधलं काय? ०.९ टक्के, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम मीठ. खारटपणा अश्रूंच्या जवळपास. पेशी फुगत नाहीत, आकसत नाहीत. तरीही नुसत्या सलाइनमध्ये बराच वेळ ठेवल्या, तर वरच्या पेशी झडू लागतात. खरी गंमत इथे आहे.

१८८० च्या दशकात लंडनमध्ये सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर बेडकाचं हृदय मिठाच्या द्रावणात ठेवून पाहत होते. ते मस्त धडधडायचं. मग कळलं की द्रावणाला नळाचं पाणी वापरलं गेलं होतं. डिस्टिल्ड वॉटर घेतलं, तर धडधड बंद. १८८३ मध्ये रिंगर यांनी ही चूक स्वतःच छापून सांगितली. करामत होती नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमची.

कॉर्नियालाही तेच हवं असतं. कॅल्शियम कमी पडलं की पेशींमधले सांधे सैल होतात. आणि पोटॅशियम? अश्रूंमध्ये ते रक्ताच्या कित्येक पट असतं, सलाइनमध्ये शून्य.

(घरी मीठ-पाणी कालवून डोळे धुणाऱ्यांनो, नका करू. प्रमाण चुकतंच, शिवाय नळाच्या पाण्यातले जंतू कॉर्निया पोखरतात.)

[दृश्य: शस्त्रक्रियागृह. मोतीबिंदूचं ऑपरेशन, सूक्ष्मदर्शकाचा उजेड.]

उघड्या डोळ्यावर दिव्याचा झोत आहे. कॉर्निया सुकू नये म्हणून सिस्टर मधूनमधून थेंब सोडतात. वर स्टँडला लटकलेल्या बाटलीत सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम आणि लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचा क्षार).

लेबलवर लिहिलंय: रिंगर लॅक्टेट.