माळ्यावरचं हसू

हा लाकडी जिना. यॉर्कशायरमध्ये रिपनजवळ नॉर्टन कॉनियर्स नावाचा जुना वाडा आहे, तिथला. पहिल्या मजल्यावरून सरळ माळ्यावर जाणारा. भिंतीआड बुजलेला होता, २००४ मध्ये सापडला. वरच्या माळ्यावर पूर्वी एका वेड लागलेल्या बाईला कोंडून ठेवलं होतं, अशी इथली दंतकथा. इंग्लिश लेखिका शार्लट ब्राँटी १८३९ मध्ये या वाड्यात येऊन गेली. आठ वर्षांनी तिची 'जेन एअर' ही कादंबरी छापून आली. त्या कादंबरीतही बंद दार आहे, आणि दारामागचं हसू.

ते हसू पहिल्यांदा ऐकू येतं अकराव्या प्रकरणात. जेन जिथे शिक्षिका म्हणून राहायला आली आहे, त्या थॉर्नफिल्ड वाड्याचा तिसरा मजला, बुटका अंधारा बोळ, टोकाला एकच खिडकी, दोन्ही बाजूंना छोटी काळी दारं. घराचा मालक रोचेस्टर अजून कथेत आलेलाही नाही; तो येतो पुढच्या प्रकरणात. म्हणजे भीती आधी घरात राहायला येते, प्रेम नंतर. हसण्याचा खुलासाही लगेच मिळतो: ग्रेस पूल, शिवणकाम करणारी बाई. खुलासा खोटा आहे, पण पटण्याजोगा आहे. तो नसता तर वाचकाने पहिल्याच रात्री विचारलं असतं, ही मुलगी इथून निघून का जात नाही?

आता ही मेणबत्ती बघा, आणि हे पलंगाचे पडदे. पंधरावं प्रकरण. जेनच्या दाराबाहेर पुन्हा तेच हसू. ती बाहेर येते, रोचेस्टरच्या खोलीतून धूर येतोय. पडदे पेटलेत, तो गाढ झोपेत. ती तिथलं तस्त आणि सुरई त्याच्यावर ओतते, मग धावत जाऊन आपल्या खोलीतली सुरई आणते. आग विझते. आणि चिंब भिजलेला हा रागीट माणूस काय करतो? आपला झगा तिच्या अंगावर घालतो, तिला खुर्चीत बसवतो, आणि पाय ओल्या जमिनीवर नकोत म्हणून चौरंगावर ठेवायला सांगतो.

भीती आणि प्रेम एकत्र गुंफणाऱ्या कादंबरीचं सगळं बळ त्या चौरंगात आहे. जमीन ओली आहे, धुराचा वास गेलेला नाही, तेवढ्यातच ही काळजी दिसते. तीच काळजी दोन प्रकरणांनी पुढे ढकलली, तर भयकथा एकीकडे राहते आणि प्रेमकथा दुसरीकडे. नवे लेखक नेमके इथेच चुकतात: भीतीचे बारकावे पानभर, आणि माया मात्र 'त्याने तिच्याकडे प्रेमाने पाहिलं' एवढ्यावर. विसाव्या प्रकरणात शार्लट तेच पुन्हा करते. जेन रात्रभर एका जखमी पाहुण्याचं रक्त स्पंजने टिपत बसते. पहाटे बागेत रोचेस्टर तिच्या हातात अर्धं उमललेलं गुलाबाचं फूल देतो.

ही मँचेस्टरची गल्ली. ऑगस्ट १८४६. शार्लटच्या वडिलांच्या मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया झाली, भूल न देता. डोळ्यांवर पट्टी, खोलीत अंधार, हालचाल करायची नाही. त्या सोबतीच्या दिवसांत शार्लटने 'जेन एअर' लिहायला घेतली. मग हॉवर्थ, ब्राँटींचं घर: समोर दफनभूमी, आत हे जेवणाचं टेबल. रात्री तिन्ही बहिणी त्याच्याभोवती फेऱ्या मारत आणि आपापलं लिखाण एकमेकींना वाचून दाखवत.

सव्विसाव्या प्रकरणात, जेन आणि रोचेस्टरच्या ऐन लग्नात, त्या दारामागे कोण आहे ते कळतं: बर्था, रोचेस्टरने जमैकाहून आणलेली बायको. पुढे ती घर पेटवते आणि गच्चीवरून उडी घेऊन मरते.

हे फर्नडीन, रोचेस्टरचं दुसरं घर. आगीत रोचेस्टरची दृष्टी आणि एक हात गेलाय. त्याने पाणी मागितलंय. लग्न मोडल्यावर निघून गेलेली जेन परत आली आहे; ती नोकराणीच्या हातातून तबक घेऊन आत जाते. तिचा हात थरथरतो, पेल्यातलं पाणी सांडतं. तो चाचपडत हात पुढे करतो, ती तो आपल्या दोन्ही हातांत धरते, आणि तो बोटांवरूनच तिला ओळखतो.