तीच धून, दुसरी पट्टी

(दृश्य : नागपूरच्या महाल भागातली गल्ली, सकाळ. बादल्या, डबे, अर्धवट उघडी दारं.)

घंटागाडी अजून वळणापाशी आहे, पण भोंग्यातलं गाणं दारापर्यंत येऊन पोचलंय. कुणी खिडकीतून डोकावत नाही. सूर कानावर पडला की हात आपोआप बादलीकडे जातो.

ओळखीचा सूर, ठरलेला अर्थ. मग याला लाइटमोटिफ म्हणायचं का? पाश्चात्त्य संगीतातला हा शब्द हल्ली परीक्षणांतून आणि नाट्यशिबिरांतून सर्रास ऐकू येतो, बहुतेकदा चुकीच्या जागी. उत्तरासाठी याच गल्लीच्या टोकाला पहिल्या मजल्यावर जाऊ.

(दृश्य : लाकडी जिना, चपलांचा ढीग, पेटीचा भाता सोडणारे हात.)

स्पर्धेच्या नाटकाची तालीम आहे. इतवारीतल्या एका घराच्या वाटणीची गोष्ट. भाऊ, बहीण, दलाल, शेजारी असे सगळे मंचावर येतात. ज्यांनी घर बांधलं ते वडील मात्र एकदाही येत नाहीत. त्यांची सायकल येते, आणि चार सुरांची एक धून.

पेटीवाले काका चाळीस वर्षं नाटकांना साथ करतायत. त्यांच्या पेटीची काळी दोन, म्हणजे सप्तकातली दुसरी काळी पट्टी, बघा. रंग उडून आतलं लाकूड दिसतंय.

(दृश्य : पट्ट्या, अगदी जवळून.)

काळी एक हा सा. काळी दोन रे, पांढरी चार गंधार, काळी चार पंचम. सा, रे, ग, प. बहीण सायकलवरची धूळ पुसते तेव्हा ही धून पहिल्यांदा येते. साधी, जरा खेळकर, घंटी वाजवत कुणी अंगणात शिरावं तशी.

आता दुसरा अंक. कागदावर सह्या होतात. बोटांकडे लक्ष ठेवा. सा तोच, रे तोच, पंचमही तोच. फक्त मधलं बोट पांढरी चारवरून पांढरी तीनवर सरकलंय. या दोन पट्ट्यांच्या मधे काळी नसते, त्यामुळे अंतर बोटभरसुद्धा नाही. शुद्ध गंधार कोमल झाला आणि खोलीतली कुजबुज थांबली.

दिग्दर्शक पोरगा विचारतो, ‘काका, इथं नवीन काही टाकायचं का?’

‘काहून? माणूस तोच हाय ना बाप्पा. मंग धून काहून बदलवतं? तिची जागा बदलव.’

लाइटमोटिफची याहून सोपी व्याख्या आम्हाला कुठे मिळाली नाही. काकांनी हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकला होता. प्रकाशयोजनेच्या मुलाला तर वाटलं, चर्चा त्याच्या स्पॉटबद्दल चाललीय. दिव्यांशी याचा काही संबंध नाही. जर्मन भाषेत ‘लाइटेन’ म्हणजे वाट दाखवणं, पुढे नेणं. एखाद्या पात्राशी, वस्तूशी किंवा विचाराशी बांधलेली छोटी धून पुन्हा पुन्हा येते आणि ऐकणाऱ्याला गोष्टीतून पुढे नेते.

(दृश्य : जुनी छायाचित्रं, वाद्यवृंदाची स्वरलिपी.)

जर्मनीतलं बायरॉइटचं नाट्यगृह आमच्या कॅमेऱ्यात नाही, म्हणून इथे फार रेंगाळत नाही. ऑगस्ट 1876 मध्ये तिथे जर्मन संगीतकार रिखार्ड वाग्नरची ‘निबेलुंगची अंगठी’ ही चार ऑपेरांची मालिका पहिल्यांदा पूर्ण सादर झाली. गंमत म्हणजे हा शब्द वाग्नरचा नव्हे. तो स्वतः तो फारसा वापरतच नसे. हान्स फॉन वोल्त्सोगेन या त्याच्या चाहत्यानं त्याच वर्षी श्रोत्यांसाठी एक मार्गदर्शिका काढली आणि शब्द सगळीकडे पोचला. कल्पना तर त्याच्याही आधीची. फ्रेंच संगीतकार बेर्लिओझनं 1830 च्या आपल्या सिंफनीत प्रेयसीची एकच धून पाचही भागांत फिरवली आणि शेवटच्या भागात तिला चेटकिणींच्या मेळ्यात वेडीवाकडी नाचवली.

वाग्नरची एक खुबी मात्र सांगायलाच हवी. त्याच्या गोष्टीतली तलवार दुसऱ्या ऑपेरात हाती लागते. तिची धून पहिल्याच ऑपेराच्या शेवटी ट्रम्पेटवर वाजून गेलेली असते. वस्तू यायच्या आधी तिची आठवण तयार!

(दृश्य : पुन्हा तालीम. चहाचे ग्लास, पेटीवर ठेवलेला चष्मा.)

आपल्याकडे ध्रुवपद आहे, पालुपद आहे, बंदिशीचा मुखडा आहे. तेही परत येतात. पण कडवं संपलं की ध्रुवपद येणारच, आवर्तन भरलं की मुखडा समेवर येणारच. ती गाण्याच्या बांधणीची गरज. लाइटमोटिफला कडव्याशी देणंघेणं नसतं, तो गोष्टीच्या गरजेनं येतो आणि येताना गोष्टीचा रंग लावून येतो. घंटागाडीचं गाणं रोज जसंच्या तसं येतं, कचरा ओला असो की सुका. ती खूण झाली. उत्तम खूण, पण खूणच.

‘शोले’तला जय ओसरीत बसून माउथ ऑर्गन वाजवतो, समोर राधा एकेक दिवा मालवते. दोघं बोलत नाहीत. 1975 पासून आपण ते बघतोय आणि ती धून कुणाची, कशाची, हे कुणाला समजावून सांगावं लागलेलं नाही.

(दृश्य : काकांचा चेहरा, नंतर फक्त हात.)

शेवटचा प्रवेश. घर रिकामं. बहीण सायकलचं स्टँड काढते. काका सा लावतात, रे लावतात आणि बोट उचलतात. गंधार वाजतच नाही, ना शुद्ध ना कोमल. भाता मात्र हलत राहतो. नीट ऐका, त्याच्या फटीतून निघणारी हवा ऐकू येते. ही हवा ध्वनिमुद्रणात पुसून टाकतात. आम्ही ठेवली आहे. जिवंत साथ म्हणजे हीच हवा, असं आमचं मत.

प्रयोगाच्या रात्री सभागृहात कॅमेऱ्याला परवानगी नव्हती. पेटीही नव्हती; खर्च वाचवायला संगीत आधीच मुद्रित करून लॅपटॉपवरून सोडलं.

(दृश्य : दुसरी सकाळ, तीच गल्ली.)

सायकल एका दूधवाल्याकडून मागून आणली होती. ती परत चाललीय. हँडलला अजून नाटकातली झेंडूची माळ आहे. घंटी बिघडलेली नाही, वाजते.

(घंटी. मग गल्लीचा आवाज.)