चहाच्या मुलखात कॉफीची पेटी

मित्रहो, मराठवाड्यात कॉफीवर बोलायला उभं राहायचं म्हणजे थोडं धाडसच. आपल्याकडे पाहुण्याला "चहा टाकू का?" एवढंच विचारतात. कॉफी लागते ती आजारपणात, नाहीतर जायफळ घालून जागरणाच्या रात्री. तरी हल्ली रविवारी सकाळी म्हैसमाळला निघालेल्या पोरांच्या सॅकमध्ये कॉफीच्या बिया दळायचा हॅण्ड ग्राइंडर आणि एरोप्रेस, म्हणजे हाताने दाबून कॉफी गाळायचा नळा, असतो. घाटातल्या वळणावर हे सगळं एकमेकांवर आदळतं. म्हणून हे सामान नीट नेण्यासाठी ही लाकडी पेटी, लेझरने कापलेल्या प्लायवूडची.

लेझर कटिंग आपल्याला नवं नाही. नेमप्लेट आणि ट्रॉफ्या करणाऱ्या दुकानांत बहुतेक कार्बन डायऑक्साइड लेझरच असतो. तो १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी शोधला. माणूस बारामतीत जन्मलेला, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला. तेव्हा परकं तंत्रज्ञान म्हणून बिचकू नका.

बहुतेकजण आधी सुंदर खोका काढतात आणि मग त्यात सामान कोंबतात. माझं म्हणणं उलटं आहे: पेटी आतून बाहेर आखायची. आजीचा पानाचा डबा आठवा. चुना, कात, सुपारी, प्रत्येकाला आपलं घर, आणि डब्याचा आकार त्या घरांवरून ठरलेला. तसं आधी सामान टेबलावर मांडा, वर्नियरने, म्हणजे बारीक माप घेणाऱ्या पट्टीने, मोजा, प्रत्येक वस्तूभोवती बोट जाईल एवढी जागा सोडा. बाहेरचं माप आपोआप निघतं.

मग प्लायवूड. फळ्यांच्या कडांना दाते आणि खाचा कापून त्या एकमेकींत बसवायच्या. दुकानात ४ एमएम म्हणून मिळालेली शीट मोजली की पुष्कळदा कमी भरते. खाचेची खोली पाटीवरच्या आकड्यावर नाही, मोजलेल्या जाडीवर ठरवा. शिवाय किरण स्वतः लाकूड खातो, साधारण ०.२ मिमी. रेषेवरून कापलं तर १० मिमीचा दाता ९.८ चा होतो आणि त्याची खाच १०.२ ची. सांधा खुळखुळतो. प्रत्येक कड ०.१ मिमी बाहेर सरकवली की दाते हलक्या ठोक्याने बसतात. आधी चार दात्यांचा तुकडा कापून बघा, मग अख्खी शीट लावा.

पाऊस लागेल म्हणून मरीन प्लाय घ्यावा, असं कुणी सुचवेल. त्यातला फिनॉलिक डिंक लेझरला दाद देत नाही. कड कोळसा होते आणि खालचा थर तसाच राहतो. एमआर ग्रेड, म्हणजे ओल सोसणारा साधा प्लाय, बरा, फक्त बाहेरून पॉलिश चांगलं द्या. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, छान कापला जातो, पण कडेला पाणी लागलं की फुगतो. आणि आत चिकटवायचं रेक्झिन त्या मशीनमध्ये कधीच घालू नका. ते बहुतेक वेळा पीव्हीसी असतं, जळताना हायड्रोजन क्लोराइड सुटतो. फुप्फुसंही जातात आणि मशीनही गंजते.

कापलेल्या कडेला जळका वास असतो. कॉफी वास पटकन ओढून घेते. कडा सँडपेपरने घासा, पेटी काही दिवस उघडी ठेवा, आतून जवसाचं तेल लावू नका. बाहेरून लावलंत तर तेलाचा बोळा पसरून वाळवा. चुरगाळून टाकलेला बोळा आपोआप पेट घेऊ शकतो, मे महिन्यात तर नक्कीच सांभाळा.

मूठ झाकणावर बसवू नका. सगळं वजन बिजागरीवर येतं. आपल्या सुताराच्या हत्यारपेटीकडे बघा: दोन्ही बाजूच्या फळ्या वर निघालेल्या, त्यांच्यामध्ये आडवा गोल दांडा, आणि त्याच फळ्या खाली तळाला धरून ठेवणाऱ्या. लेझरने तेच करा. तळ फक्त डिंकावर न टांगता दाते आरपार न्या.

आता पाणी उकळायची शेगडी. तिच्या ब्युटेन गॅसच्या डब्यावर ५० अंशांपेक्षा जास्त तापमानात ठेवू नका असं छापलेलं असतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात उन्हात उभी गाडी आतून त्याच्या वर सहज जाते. गौताळ्यासारख्या अभयारण्यात तर आग लावायचीच नाही. मग पेटीत शेगडीला जागा कशाला? एरोप्रेस तयार करणारे अ‍ॅलन अ‍ॅडलर स्वतः सुमारे ८० अंशांचं पाणी पुरे म्हणतात. घरून उकळतं पाणी भरलेला चांगला थर्मास सकाळभर तेवढं धरून ठेवतो. शेगडी गेली, गॅसचा डबा गेला, वारा अडवायचा पत्र्याचा आडोसा गेला. पेटी जवळपास निम्मी होते. फक्त थर्मास उभा राहील एवढी उंची ठेवा आणि तो कप्पा मधोमध, दांड्याच्या खाली घ्या. नाहीतर चालताना पेटी एका बाजूला कलते.